अंबरातल्या अष्टपादाची ओळख

विट्यात विहीर खणायला घेतली की वरची माती लवकर संपते. मग मुरूम लागतो आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. खानापूर तालुक्याचं पठार याच दगडावर उभं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यांचा हा दगड झाला. हजार अंशांहून अधिक तापलेला तो रस ज्या रानावरून वाहत गेला, तिथल्या झाडांची राळ आणि तिच्यात अडकलेला किडा, कोळी किंवा मुंगी शिल्लक राहणं अशक्यच. राळ गाडली जाऊन लाखो वर्षांनी तिचं अंबर व्हायला हवा असतो गाळ, चिखल आणि थंडावा. विट्याच्या दगडाने तो कधीच पाहिला नाही.

तरीही अंबरात अडकलेल्या एका विशिष्ट जीवाची ओळख पटवण्याच्या इतिहासात आपल्या प्रदेशाचे धागे आहेत. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सुरू झालेली ही गोष्ट ब्रह्मदेशाच्या खाणींतून आणि कोलकात्याच्या सरकारी कचेऱ्यांतून पुण्यापर्यंत येते. वाटेत नागपूर, वरळी, साताऱ्याची कोयना आणि सुरत ही ठिकाणंही लागतात.

हा जीव म्हणजे हार्वेस्टमन. शास्त्रात त्याच्या गटाला ओपिलिओनिस म्हणतात. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या कातळावर, गुहेच्या तोंडाशी किंवा झाडाच्या बुंध्यावर साबुदाण्याएवढं अंग आणि केसासारखे लांबलचक पाय असलेले जीव घोळक्याने बसलेले दिसतात. जवळ गेलं की सगळा घोळका एका तालात डुलायला लागतो. बघणारा त्यांना कोळीच म्हणतो, पण ते कोळी नव्हेत. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात आणि मध्ये बारीक कंबर असते. हार्वेस्टमनचं अंग अखंड असतं. कोळ्याला बहुधा आठ डोळे असतात, तर याला बहुधा दोनच, तेही पाठीवरच्या एका उंचवट्यावर दोन बाजूंना बसवलेले. याच्याकडे रेशीम नाही, त्यामुळे जाळंही नाही आणि विषही नाही. बचावासाठी अंगाच्या दोन्ही बाजूंना उग्र वासाचा द्रव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. शत्रूने पाय धरलाच तर तो पाय तोडून देऊन हा निसटतो. पायांची दुसरी जोडी सर्वांत लांब असते आणि चालण्यापेक्षा चाचपडण्यासाठीच जास्त वापरली जाते.

आज जगात हार्वेस्टमनच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. जीवाश्म रूपात मात्र काही डझनच. अंग मऊ, पाय तकलादू आणि राहणी पालापाचोळ्यातली. असा जीव दगडात टिकण्याचा संभव फार थोडा. म्हणून जे मोजके नमुने हाती लागतात, त्यांची ओळख अचूक पटणं फार मोलाचं ठरतं.

ओळख चुकली तर काय होतं, हे समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. मुंबईत वरळीच्या खडकात, लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्याच्या गाळात, इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांना राना पुसिला हे नाव दिलं. राना म्हणजे त्या काळी जवळजवळ कुठल्याही बेडकाला चिकटवता येईल असा वंश.  १९३० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या जी. के. नोबल यांनी हाडं नव्याने तपासली, इंडोबॅट्रॅकस हा वेगळा वंश केला आणि या बेडकांचं नातं ऑस्ट्रेलियातल्या बेडकांशी जोडलं. एक नाव बदललं आणि वरळीचं तळं एका वेगळ्याच भूगोलात जाऊन बसलं. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि अंटार्क्टिका एकत्र असलेल्या गोंडवन भूखंडाचा तो भूगोल.

नागपूरची हकीकत याहून हृद्य आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून तिथे राहत होता. १८५१ साली त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला शहराजवळच्या टाकळी इथे लाव्हाच्या थरांमधल्या गाळाच्या दगडात शंख-शिंपले दिसले. पुढची काही वर्षं दोघांनी फळं, बिया, पानं, मासे असं जे मिळेल ते गोळा केलं आणि लंडनला पाठवलं. त्यात कीटकही होते, पण अख्खे नव्हेत. भुंगेऱ्यांच्या कठीण झाकपंखांचे ठसे तेवढे उरले होते. अँड्र्यू मरे यांनी १८६० साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाय नाहीत, डोकं नाही, मिशा नाहीत. आहे तो एक पंख आणि त्यावरच्या रेघा. एवढ्यावरून कुल सांगता येतं, कधीकधी वंशही, पण त्यापुढे अंदाजच. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नदीत बुडून गेला. त्याचं नाव नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे आजही घेतलं जातं. विदर्भातल्या जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया त्याने घातला, ही गोष्ट मात्र कॉलेजच्या नावाआड झाकून जाते.

दगड जे देत नाही, ते अंबर देतं. ओली राळ जीवाला चहूबाजूंनी वेढते आणि कडक होताना त्याचा आकार तसाच धरून ठेवते. केस, काटे, डोळ्यांची गोलाई, पायांच्या टोकाचे नखरूपी आकडे सगळं जागच्या जागी राहतं. युरोपात बाल्टिक अंबराचा व्यापार हजारो वर्षांचा आहे. त्या अंबरातले जीव पद्धतशीर गोळा करून त्यांची शास्त्रीय यादी करायचं मनावर घेतलं डान्झिगच्या गेओर्ग कार्ल बेरेंट या डॉक्टरने. डान्झिग म्हणजे आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. अष्टपादांचा भाग त्याने कार्ल लुडविग कॉख या जर्मन अभ्यासकाकडे सोपवला. बेरेंट १८५० साली वारला आणि ग्रंथ १८५४ मध्ये बाहेर आला. अंबरातल्या हार्वेस्टमनना पहिली पक्की नावं त्यात मिळाली. त्यातल्या काही जाती आजही मान्य आहेत, मात्र बऱ्याच वेगळ्या वंशांत हलवल्या गेल्या. उदाहरणार्थ, मोठ्या डोळ्यांची एक जाती आज कॅडो या वंशात धरली जाते. त्या वंशाचे जिवंत वारस पूर्व उत्तर अमेरिकेत आणि जपानात आहेत, युरोपात नाहीत. चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी बाल्टिकच्या रानात फिरणाऱ्या जीवाचे नातलग शोधायला आज दोन महासागर ओलांडावे लागतात.

त्यानंतरचा मोठा टप्पा ब्रह्मदेशचा. हुकाँग खोऱ्यातलं अंबर चिनी कारागिरांना शतकानुशतकं माहीत होतं. ब्रिटिशांनी उत्तर ब्रह्मदेश घेतल्यावर जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या फ्रिट्झ नोएट्लिंग यांनी या खाणींची पाहणी केली आणि १८९३ साली कोलकात्याहून निघणाऱ्या सर्व्हेच्या नियतकालिकात तिचा वृत्तांत दिला. डान्झिगच्या ओटो हेल्म यांनी त्या राळेचं रासायनिक परीक्षण केलं. तेव्हापासून ती बर्माइट म्हणून ओळखली जाऊ लागली. नोएट्लिंग यांच्या मते ही राळ मायोसीन काळातली, म्हणजे तुलनेने अलीकडची. मंडालेत राहणाऱ्या आर. सी. जे. स्विनहो यांनी जमवलेले तुकडे मग अमेरिकेतल्या टी. डी. ए. कॉकरेल यांच्याकडे गेले. १९१६ पासून पुढची काही वर्षं कॉकरेल त्यांतल्या कीटकांना नावं देत होते. काम करताना त्यांना जाणवलं की हे कीटक फार जुन्या वळणाचे आहेत. ही राळ क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या काळातली असावी, अशी शंका त्यांनी लिहून ठेवली.

भूगर्भशास्त्रज्ञांनी ती बराच काळ मनावर घेतली नाही. २०१२ साली अंबराच्या थरातल्या झिरकॉन स्फटिकांवरून काळ मोजला गेला आणि तो निघाला सुमारे ९ कोटी ८८ लाख वर्षं. किड्यांच्या पंखांवरून आणि पायांवरून कॉकरेल यांना जे दिसलं होतं, ते नऊ दशकांनी यंत्रांनी खरं ठरवलं. जीवाची ओळख पटवणं हे निव्वळ नाव चिकटवण्याचं काम समजलं जातं. कॉकरेल यांचं उदाहरण पाहिलं तर तो समज टिकत नाही.

या अंबरातला निःसंशय ओळखता येणारा पहिला हार्वेस्टमन २००५ साली जाहीर झाला. गोंझालो गिरिबेट आणि जेसन डनलप यांनी त्याला हॅलिथर्सिस ग्रिमाल्डी हे नाव दिलं. ग्रिमाल्डी हे न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या डेव्हिड ग्रिमाल्डी यांच्या सन्मानार्थ. डायनोसॉरच्या युगातला ओळख पटलेला हार्वेस्टमन तोवर कुणी दाखवला नव्हता. पण तो नेमका कुठल्या कुलातला, हे सांगताना दोघांना हात आखडता घ्यावा लागला, कारण खात्री द्यायला हवा असलेला अवयव दिसत नव्हता.

तो अवयव म्हणजे नराचं शिश्न. कोळ्यांत नर आपलं बीज तोंडाजवळच्या पायांसारख्या अवयवांनी मादीपर्यंत पोचवतो. हार्वेस्टमन मात्र थेट समागम करतात, आणि शिश्नाचा आकार जातीगणिक, कुलागणिक वेगळा असतो. बाहेरून जुळ्यांसारख्या दिसणाऱ्या दोन जाती या एकाच अवयवावरून वेगळ्या ओळखता येतात. पूर्वी असं नव्हतं. जर्मनीतल्या कार्ल फ्रीडरिश र्‍योवर यांनी १९२३ साली जगातल्या हार्वेस्टमनवर हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला. दक्षिण भारतातून युरोपात गेलेल्या नमुन्यांची वर्णनंही त्यांनी पुढे केली. पण त्यांचा भर होता पायाच्या शेवटच्या भागात किती खंड आहेत आणि पाठीवर किती काटे आहेत यांवर. हे आकडे एकाच जातीत कमीजास्त होतात, तर दूरच्या जातींत योगायोगाने सारखे येतात. त्यामुळे र्‍योवर यांनी केलेले कित्येक वंश नंतरच्या पिढीला मोडावे लागले. हिमालयातल्या हार्वेस्टमनवर आयुष्य घातलेले योखेन मार्टेन्स आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी जननेंद्रियांच्या रचनेला पहिलं स्थान दिलं, तेव्हा कुठे वर्गीकरण रुळावर आलं.

अंबरातला नमुना चिरून पाहता येत नाही. म्हणून २०१६ साली आलेली बातमी थोर होती. ब्रह्मदेशच्या अंबरात हॅलिथर्सिसचा एक नर सापडला आणि त्याचं शिश्न पूर्ण बाहेर आलेलं होतं. बहुधा राळेत तडफडताना अंगातला दाब वाढून तसं झालं असावं. डनलप, पॉल सेल्डन आणि गिरिबेट यांनी त्याची रचना तपासली. जिवंत असलेल्या कुठल्याही कुलाशी ती जुळेना. तेव्हा त्यांनी हॅलिथर्सिडी हे नामशेष कुल वेगळं केलं. या अवयवाचा याहून जुना पुरावा स्कॉटलंडच्या राइनी गावच्या दगडात आहे. सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या हार्वेस्टमनमध्ये शिश्न, अंडी घालण्याची नळी आणि श्वासनलिकाही टिकून राहिल्या, असं डनलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिलं. जमिनीवर प्राणी नुकतेच स्थिरावत होते, त्या काळात या गटाची घडण आजच्यासारखी झालेली होती.

विट्याच्या वाचकाला हे काम समजायला अवघड जाऊ नये. दुष्काळाने गाव सोडलेल्या खानापूर-आटपाडीच्या कुटुंबांनी देशभरच्या सराफ बाजारांत गलाईचा धंदा उभा केला. सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं हे त्यांचं काम. दागिना समोर आला की गलाईवाला आधी तो कसोटीच्या दगडावर घासतो, रेघेवर तेजाब टाकतो आणि रेघ किती टिकते ते पाहतो. वरची झळाळी त्याला फसवत नाही. अंबरातला हार्वेस्टमन ओळखणाऱ्यालाही वरच्या लांब पायांनी फसून चालत नाही.

त्याची कसोटी बरीच किचकट असते. बाल्टिक अंबरात जीवाच्या अंगाभोवती अनेकदा दुधासारखा पांढरा पापुद्रा येतो आणि पोट झाकून टाकतो. बुडबुडे आणि तडे नजर अडवतात. तुकडा घासून, पॉलिश करून एकेक सपाट बाजू तयार करावी लागते आणि एखादी बाजू जास्त घासली गेली तर पाय कायमचा जातो. आता क्ष-किरणांनी त्रिमित चित्र काढणारी मायक्रो-सीटी आली आहे, आणि तिच्याहून तीव्र किरणांची सिंक्रोट्रॉन यंत्रं. बाल्टिकोलास्मा वुंडरलिशी या बाल्टिक अंबरातल्या जातीचं वर्णन २०२५ साली याच तंत्राने झालं. तिच्या पाठीवरची जाळीदार नक्षी भिंगाखाली नीट दिसत नव्हती, यंत्राने ती उलगडली. तिचे आजचे नातलग पूर्व आशियात आणि उत्तर अमेरिकेत राहतात.

यंत्र चित्र देतं, पण ते चित्र कशाशी ताडून पाहायचं? त्यासाठी जिवंत जातींची जाण लागते. इथे पुणे येतं.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. भारतातल्या कोळ्यांवरच्या कामासाठी ओळखले जाणारे बी. के. टिकाडर यांनी तिथून अष्टपादांच्या अभ्यासाला वळण दिलं. डी. बी. बस्तवडे हे त्यांचे सहकारी. दोघांनी मिळून १९८३ साली भारतातल्या विंचवांवरचा खंड सिद्ध केला आणि तो आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. २००७ साली बस्तवडे यांनी गिरिबेट आणि प्रशांत शर्मा यांच्याबरोबर एक नवा वंश आणि नवी जाती जगापुढे ठेवली, मेघालया अ‍ॅनन्डेली. ईशान्य भारतातला हा हार्वेस्टमन लांब पायांचा नाही. सायफॉफ्थाल्मी या उपगटातले जीव काही मिलिमीटरचे, आखूड पायांचे आणि गोचिडीसारखे दिसणारे असतात. पानांच्या कुजलेल्या थरात ते आयुष्य काढतात. उडता येत नाही, पोहता येत नाही, उन्हात निघालं तर सुकून मरतात. त्यामुळे समुद्र आडवा आला की यांचं कुटुंब तिथेच दुभंगतं, आणि कुठला भूभाग कधी कुणापासून तुटला हे सांगायला यांच्याइतका विश्वासू साक्षीदार मिळणं कठीण. श्रीलंकेतल्या सायफॉफ्थाल्मींचे नातलग मादागास्कर, दक्षिण आफ्रिका, चिली, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आहेत. गोंडवनाच्या तुकड्यांची ती यादीच म्हणावी. मेघालया मात्र स्टायलोसेलिडी या आग्नेय आशियाई कुलातला आहे. एका बाजूला आशियाशी जोडलेला ईशान्य भारत आणि दुसऱ्या बाजूला गोंडवनातली श्रीलंका अशी दोन नाती एकाच उपखंडात दिसतात.

या कामाचा अंबराशी संबंध सरळ आहे. २००८ साली जॉर्ज पॉइनार यांनी ब्रह्मदेशच्या अंबरातला एक छोटा जीव पॅलिओसायरो या नावाने जाहीर केला आणि त्याला सायरोनिडी कुलात घातलं. त्या कुलाचे आजचे सदस्य मुख्यत्वे युरोप आणि उत्तर अमेरिकेत आहेत. गिरिबेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलिओसायरोच्या या जागेबद्दल नंतर शंका घेतली आणि त्याचं नातं आग्नेय आशियातल्या स्टायलोसेलिडीशी जोडायला हवं असं सुचवलं. ईशान्य भारत आणि ब्रह्मदेश यांच्या जंगलांत आज कोणते सायफॉफ्थाल्मी राहतात, हे नीट माहीत असल्याशिवाय अशी दुरुस्ती सुचणं कठीण होतं.

मेघालयाच्या जातिनामातले अ‍ॅनन्डेल म्हणजे नेल्सन अ‍ॅनन्डेल. १९१६ साली झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हाचे ते पहिले संचालक. साताऱ्याला त्यांचं नाव आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवं. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सातारा जिल्ह्यातल्या कोयना आणि वेण्णेच्या पाण्यात गोड्या पाण्यातलं इवलंसं जेलीफिश दिसलं. अ‍ॅनन्डेल यांनी १९११ साली त्याचं वर्णन केलं आणि लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिलं. तोवर हा वंश आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासाठी प्रसिद्ध होता. विट्यासकट खानापूर तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. मालवणात जन्मलेले आघारकर पुढे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. पुण्याची आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाने चालते. ओढ्यातल्या पारदर्शक थेंबासारख्या जीवात आफ्रिकेचा धागा पाहणारी आघारकर-अ‍ॅनन्डेल यांची नजर आणि पाचोळ्यातल्या जीवात आग्नेय आशिया पाहणारी बस्तवड्यांची नजर एकाच परंपरेतली आहे.

बस्तवड्यांचे सहलेखक प्रशांत शर्मा पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अष्टपादांच्या उत्क्रांतीचे अभ्यासक म्हणून नावारूपाला आले. २०१६ साली ब्रह्मदेशच्या अंबरातल्या, चिलखती अंगाच्या लॅनिॲटोरिस उपगटातल्या सर्वांत जुन्या हार्वेस्टमनचं वर्णन झालं. पेट्रोब्युनॉइडिस शर्माय हे त्याचं नाव त्यांच्याच सन्मानार्थ ठेवलेलं आहे. त्याचं कुल एपेडॅनिडी, आजही आशियातल्या उष्ण प्रदेशात राहणारं.

आपल्या सर्वांत जवळचं मोठं अंबर मात्र ब्रह्मदेशात नाही. ते सुरत जिल्ह्यात आहे. वस्तान आणि तडकेश्वरच्या खाणींत लिग्नाइट काढताना पिवळ्या-तांबूस राळेचे गोळे निघत. येस रुस्ट, हुकम सिंग, राजेंद्रसिंग राणा, अशोक साहनी, डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दीडशे किलो अंबर तपासून सातशेहून अधिक कीटक आणि अष्टपाद हाती आले. पाच कोटी वर्षांहून जुना हा काळ. भारताचा तुकडा तेव्हा आशियाच्या अगदी जवळ पोचला होता. कोट्यवधी वर्षं एकटा राहिलेला भूभाग म्हटल्यावर त्यात जगावेगळे जीव असायला हवेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बरेच कीटक युरोपच्या आणि आशियाच्या जीवांचे नातलग निघाले. धडक होण्याआधीच बेटांच्या साखळ्यांवरून ये-जा सुरू झाली असावी, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला.

ओळख पटवणाऱ्याच्या दृष्टीने या अंबराचा एक मोठा गुण आहे. ते पूर्ण कडक झालेलं नाही. योग्य द्रावकात ते विरघळतं आणि आत अडकलेला कीटक सुटा होऊन बाहेर येतो. बाल्टिक अंबरात हे शक्य नाही. पाच कोटी वर्षांपूर्वीचा जीव काचपट्टीवर ठेवून, उलटसुलट करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येणं ही संधी जगात फार कमी ठिकाणी मिळते. ही राळ डिप्टेरोकार्प कुलातल्या झाडांची. साल हा त्याच कुलातला, आणि धूप घालताना वापरली जाणारी राळही सालाचीच. मुंबईच्या आयआयटीतले सूर्येंदु दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या राळेच्या रासायनिक खुणांवरून या झाडांचा माग काढला. आशियाभर पसरलेली ही झाडं भारतातून तिकडे गेली असावीत, असं त्यांनी मांडलं.

सुरतच्या अंबरातून अष्टपादही बाहेर आले. मायकेल एंगल आणि ग्रिमाल्डी यांनी २०१४ साली चाबूक-कोळ्यांच्या गटातल्या पॅराकॅरोनॉप्सिस कँबेएन्सिसचं वर्णन केलं. खंबायतच्या आखातावरून त्याचं नाव आलं. लिग्नाइट मात्र खणलं जातं ते वीज करण्यासाठी, आणि त्याच्याबरोबर किती अंबर भट्टीत गेलं असेल, या विचाराने कुठल्याही अभ्यासकाचा जीव कळवळतो. हळहळण्यापलीकडे करता येण्यासारखं इतकंच की, खाण चालू असताना तिथे डोळस माणूस उभा असावा.

ब्रह्मदेशाच्या अंबरामागचं दुखणं वेगळं आहे. काचिन प्रांतातल्या संघर्षाची झळ या खाणींना लागली. २०२० साली सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी या संस्थेने नियतकालिकांच्या संपादकांना पत्र लिहून या अंबराच्या खरेदी आणि प्रसिद्धीबाबत संयम पाळायला सांगितलं. त्या तुकड्यांच्या विक्रीचा पैसा कुणाच्या हाती जातो, आणि खासगी संग्रहात गेलेला नमुना पुन्हा तपासायला मिळेल का, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. हॅलिथर्सिसची ओळख २००५ नंतर २०१६ मध्ये पक्की होऊ शकली, कारण पहिला नमुना सार्वजनिक संग्रहालयात होता आणि दुसऱ्याशी ताडून पाहता आला.

महाराष्ट्रात लिग्नाइटचे पातळ थर रत्नागिरीच्या जांभ्याखाली आहेत. विहिरी खणताना त्यात पानांचे ठसे मिळाल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून सापडतात. विट्याच्या काळ्या दगडाने जे जाळलं, त्याचं उत्तर कदाचित कोकणच्या चिकणमातीत असेल. पण तिथे किंवा सुरतेत उद्या एखादा हार्वेस्टमन निघालाच, तर त्याला ताडून पाहायला सह्याद्रीतल्या जिवंत जातींचे नीट टिपलेले, नर-मादी वेगळे केलेले आणि जननेंद्रियांची रेखाटनं असलेले नमुने हवेत. ते गोळा करायचे दिवस जून ते ऑक्टोबर. जागा कोयनेच्या आणि चांदोलीच्या जंगलातल्या कातळांवर, ओढ्यांच्या काठच्या पाचोळ्यात. सामान म्हणजे चिमटा, चाळणी, सत्तर टक्के अल्कोहोलची बाटली आणि ठिकाण-तारीख लिहिलेली चिठ्ठी.